सात नंबरचा शिक्का

आमच्या भावजींना कुणी सहज 'कसे आहात?' विचारलं तरी ते थांबायचे, विचार करायचे आणि मग खरंखुरं उत्तर द्यायचे. 'कालच्यापेक्षा बरा आहे, पण डावा गुडघा दुखतोय.' विचारणारा तोवर चार पावलं पुढे गेलेला असायचा. तरुणपणी एका मुलीशी त्यांचं लग्न जवळजवळ ठरलं होतं. तिने लाडात येऊन विचारलं, 'मी आवडते ना तुम्हाला?' भावजी म्हणाले, 'अजून नक्की सांगता येत नाही.' झालं, फिसकटलं.

भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. खोटं न बोलणं हा त्यांचा गुण आहे असं लोक म्हणायचे. मी बावीस वर्षं त्यांचा चहा केला आहे, मला विचारा. तो गुण नाही, खोड आहे. आणि असली खोड असलेला माणूस घरात असला की बाकीच्यांना फार जपून राहावं लागतं.

आमचं वजनकाटे दुरुस्त करायचं वर्कशॉप आहे. वर घर, खाली वर्कशॉप. दुकानांचे, टपालाचे, औषधवाल्यांचे, दवाखान्यांचे काटे येतात. काटा उघडायचा, साफ करायचा, स्प्रिंग बदलायची, मग पितळेची प्रमाण वजनं ठेवून तपासायचा. वजन नुसतं मधोमध ठेवून चालत नाही. चारही कोपऱ्यांत ठेवून बघावं लागतं, कारण गिऱ्हाईक काही मोजून मापून मध्यभागी सामान ठेवत नाही. पाचही जागी आकडा सारखा आला की झाकणाच्या तारेवर शिशाची गोळी बसवायची आणि तिच्यावर शिक्का ठोकायचा. शिक्का म्हणजे बोटाएवढा पोलादी तुकडा, टोकाला नंबर कोरलेला. प्रत्येक कारागिराचा नंबर वेगळा आणि तो त्याच्या मरणापर्यंत त्याचाच. सासऱ्यांच्या वेळी सातजण होते. मधले पाच गेले, कुणी देवाघरी, कुणी दुसऱ्या धंद्यात. उरले दोन. आमच्या ह्यांचा एक नंबर आणि भावजींचा सात. दुसऱ्याच्या शिक्क्याला हात लावायचा नाही हा सासऱ्यांचा नियम. दुसऱ्याच्या ताटात जेवावं पण त्याचा शिक्का उचलू नये, असं ते म्हणायचे.

वर्कशॉपचा परवाना आमच्या ह्यांच्या नावावर. हे एवढं लक्षात ठेवा, कारण सगळं घोडं तिथेच अडलं.

सहा वर्षांपूर्वी एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलमधून पत्र आलं. पत्र कसलं, तिथला स्टोअरकीपर ओळखीचा होता, त्यानेच हातोहात आणून दिलं. आमच्याकडून दुरुस्त होऊन गेलेला बाळांचा काटा एकशे ऐंशी ग्रॅम जास्त दाखवत होता. मध्ये वजन ठेवलं तर बरोबर, डोक्याच्या बाजूला सरकलं की जास्त. बाळाचं डोकंच जड असतं, त्यामुळे प्रत्येक बाळ जास्त भरत होतं. एका मुलीचं जन्माचं वजन खालच्या मजल्यावरच्या काट्यावर झालं होतं आणि पुढची सगळी वजनं आमच्या काट्यावर. पोर रोज वाळत होती आणि कागदावर वाढत होती. 'वजन वाढतंय, घेऊन जा घरी,' म्हणून त्यांनी आईला पाठवून दिलं. अकराव्या दिवशी मुलगी गेली. हॉस्पिटलने काटा गुपचूप बदलला, आईबापांना अवाक्षर सांगितलं नाही, आणि आम्हाला नुसती समज दिली. शिशाच्या गोळीवर नंबर सात होता.

जेवताना ह्यांनी ते पत्र भावजींच्या ताटाशेजारी ठेवलं. म्हणाले, 'तुझा नंबर आहे.' भावजींनी दोनदा वाचलं. 'हो,' म्हणाले, 'माझाच आहे.' आठवड्याला चाळीस काटे हाताखालून जायचे. कुठला कुठल्या दिवशी तपासला हे कुणाला आठवणार? नंबर सात म्हणजे मीच, एवढं त्यांना पुरलं.

मला मात्र आठवत होतं. हॉस्पिटलचा काटा गेला त्या दिवशी माझी अक्कलदाढ काढली. ह्यांना काम होतं म्हणून भावजी मला घेऊन गेले होते. सकाळी गेलो ते संध्याकाळी परत आलो. तोंडात कापसाचा बोळा, गाल फुटबॉलसारखा. वर्कशॉपच्या दारात हॉस्पिटलची गाडी उभी होती, ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, आणि आमचे हे बाळांच्या काट्याच्या गोळीवर हातोडी मारत होते. हातात सात नंबरचा शिक्का होता. त्यांचा स्वतःचा बाकाखाली कुठेतरी घरंगळला होता. कोपरे तपासले होते की नव्हते हे मी पाहिलं नाही, पण गाडीचा तो हॉर्न ऐकून ते तपासत बसले असतील असं मला वाटत नाही. भावजी तेव्हा कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात माझ्या गोळ्या घेत होते.

पत्र आलं त्या रात्री मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, 'तू भुलीत होतीस.' मी म्हटलं, 'भूल दाढेला दिली होती, डोळ्यांना नाही.' मग ते म्हणाले, 'हे बघ, कामगाराची चूक असली तर नुसती समज मिळते. माझी असली तर परवाना जातो. आपल्या मुलीला काय खायला घालशील, पितळेची वजनं?' मी मूग गिळून बसले. मला वाटलं, चार दिवस वाईट वाटेल भावजींना, मग विसरतील. माणसं विसरतात. पण माणसं विसरतात, भावजी नाही, हे मला कळायला हवं होतं. कळत होतंच, खरं तर.

आधी ते एकच काटा तीनदा तपासायला लागले. मग दहादा. मग शिक्का उचलून तसाच हातात धरून बसायचे, दुपारपर्यंत. नंतर वर्कशॉपमध्ये उतरणंच बंद झालं. मागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. अंघोळ नाही, दाढी नाही. जेवण नेलं तर 'नको' म्हणायचे नाहीत, खायचेही नाहीत. हे म्हणायचे, 'काम टाळायला बरं निमित्त सापडलंय.' पाहुण्यांना सांगायचे, 'धाकट्याची तब्येत नाजूक आहे.' माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. ती काकाच्या खोलीशी जाऊन हाका मारायची, मग तिनेही सोडून दिलं. पाच वर्षं अशी काढली आम्ही. आम्ही म्हणजे त्यांनी.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, डिप्रेशन. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी झोप लागायला लागली, एवढंच. मग त्यांनीच एका समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. चष्म्याच्या दुकानावर एक खोली, दोन खुर्च्या, एक फळा. पहिल्या दिवशी मी सोबत गेले होते. बाई चाळिशीच्या, आवाज बसका, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत न बोलणाऱ्या. मला वाटलं, आता लहानपण विचारतील, आई-वडील विचारतील, रडवतील. त्यांनी विचारलं, 'सगळ्यात जास्त कोणता विचार येतो?'

भावजी थांबले, विचार केला आणि म्हणाले, 'मी एका बाळाला मारलं.'

'त्यावर तुमची खात्री किती टक्के आहे?'

मला रागच आला. असला प्रश्न विचारतात का माणसाला! पण भावजी पाच वर्षांत पहिल्यांदा ताठ बसले. 'पंच्याण्णव,' म्हणाले.

'उरलेले पाच कशाचे?'

'ते मला माहीत नाही.'

'मग तेच शोधू,' बाई म्हणाल्या. 'तुमच्याकडे काटा आला तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवता?'

'नाही. आधी रिकामा असताना शून्य दाखवतो का बघतो.'

'तुमचं मन रिकामं असतानाही वजन दाखवतंय. काहीही ठेवलं नाही तरी काटा खालीच. तो काटा आपण तपासायचा. विचार आला की लगेच खरा धरायचा नाही. त्याच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय, दोन्ही लिहायचं, आणि मग पुन्हा आकडा लिहायचा.'

बाईंनी वही दिली. एका पानावर दिवसाचे तास, त्यापुढे काय केलं आणि त्यातून आनंद किती, दहापैकी. दुसऱ्या पानावर विचार आणि त्याची तपासणी. घरी येताना भावजी वही छातीशी धरून चालत होते. हा उपाय जणू त्यांच्यासाठीच कुणीतरी घडवला होता. लाड नाहीत, समजूत घालणं नाही. नुसतं मोजायचं आणि जे आहे ते लिहायचं.

ते रोज सकाळी साडेसातला अंघोळ करायला लागले, कारण वहीत तसं लिहिलं होतं. मग कालव्याच्या पुलापर्यंत फेरी. आल्यावर लिहायचे, 'फेरी. आनंद एक.' आठवड्याने दोन झाला. आमच्या घरात या आनंदाची जी टर उडाली ती विचारू नका. हे मिठाची बरणी पुढे करायचे आणि म्हणायचे, 'लिही, दादाने मीठ दिलं, आनंद साडेतीन.' मुलगी आता मोठी झाली होती, तीही हसायची. मीही काही मागे नव्हते. एकदा विचारलं, 'भावजी, आजची भाजी कितीची?' ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, 'चार.' सगळे पोट धरून हसले. भावजीही हसले, पाच वर्षांनी. मी मात्र भांडी आपटत उठले. चार!

तीन महिन्यांत माणूस पालटला. नखं कापलेली, दाढी केलेली. दुपारी दोन तास वर्कशॉपमध्ये जाऊन बसायचे, शिक्का मारायचे नाहीत पण स्प्रिंगा साफ करून द्यायचे. मुलीला गणित शिकवायचे. एक दिवस जिन्यावरून शिट्टी ऐकू आली आणि मी हातातलं काम टाकून बाहेर आले, कोण आलंय बघायला. भावजीच होते. मला भरून आलं. खरंच भरून आलं, हे मी मुद्दाम सांगते, म्हणजे तुम्हाला वाटू नये की मला त्यांचं काही नव्हतं.

वही ते टेबलावर उघडी टाकायचे. लपवायचं काय त्यात, असं त्यांना वाटायचं. मी वाचायचे. पंच्याण्णवचे ऐंशी झाले होते, ऐंशीचे पासष्ट. एका पानावर बाईंनी त्यांना एक वर्तुळ काढायला लावलं होतं. त्या मुलीच्या मरणाला कोण कोण जबाबदार, प्रत्येकाला त्याच्या वाट्याचा तुकडा द्यायचा. नर्स, जिने वजन बघितलं पण बाळ नाही बघितलं, पंधरा टक्के. डॉक्टर, वीस. मुलीला घरी पाठवणारे, दहा. हॉस्पिटल, ज्यांनी दोन मजल्यांवरचे काटे एकमेकांशी ताडून पाहिले नाहीत, दहा. स्वतःला पंचेचाळीस. आणि खाली बारीक अक्षरात, तुकडा न काढता, नुसतं लिहून ठेवलं होतं, 'दादा. शून्य.'

मी ते पान बराच वेळ बघत राहिले. ह्यांना दाखवलं नाही.

वर्तुळ पाहून बाईंनी विचारलं म्हणे, 'त्या दिवशी वर्कशॉपमध्ये आणखी कोण होतं? तो दिवस तुम्हाला आठवतो का?' भावजी म्हणाले, नाही. बाई म्हणाल्या, 'मग पाच वर्षं ज्या दिवसाची शिक्षा भोगताय, तो दिवस निदान बघून तरी घ्या.'

त्या आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ, मी स्वयंपाकघरात मटार सोलत होते. खालून हातोडीचा आवाज येत होता. भावजी आले ते जवळजवळ पळतच. हातात तपासणीच्या दाखल्याची कार्बन प्रत. जुन्या फायली उपसून काढली होती, कोपराला धूळ लागलेली.

'वहिनी, यावर तारीख आहे. मी जुनं कॅलेंडर काढून बघितलं. तो गुरुवार होता. तुमची अक्कलदाढ कधी काढली?'

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. 'का हो?'

'त्याच आठवड्यात काढली होती. सकाळी गेलो आणि संध्याकाळी आलो. मला नक्की आठवतंय, कारण परत येताना बसमध्ये तुम्ही माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपलात आणि शर्टाला रक्त लागलं. ते डाग मी त्याच संध्याकाळी धूत बसलो होतो. पण वार आठवत नाही. गुरुवार होता की शुक्रवार? गुरुवार असला तर हा काटा मी तपासलेलाच नाही, वहिनी. मी तिथे नव्हतोच!'

त्यांचा श्वास फुलला होता. माणूस असा मी कधी पाहिला नव्हता, चेहरा उघडा पडल्यासारखा. मी म्हटलं, 'तुम्हालाच काय ते आठवत असेल.'

'माझ्या आठवणीवर विश्वास ठेवायचा नाही. मला सुटायचंय ना, म्हणून मला गुरुवारच आठवणार. बाई म्हणतात, मनाला हवं ते उत्तर धरू नका, जो तिथे होता त्याला विचारा. तिथे तुम्ही होतात. आत्ता माझा आकडा वीस आहे. तुम्ही गुरुवार म्हणालात तर शून्य.'

'आणि मग शिक्का कुणी मारला?'

हे मीच विचारलं. का विचारलं देव जाणे. ते थबकले. तो विचार त्यांच्या डोक्यात आलाच नव्हता. 'ते नंतर बघू,' म्हणाले. पण मला दिसलं, आज नाही तर उद्या ते तोही तपासणार. चारही कोपऱ्यांत वजन ठेवून तपासणार, आणि मग सरळ जाऊन सांगणार, कारण त्यांना दुसरं काही येतच नाही. खाली हातोडी थांबली होती. ह्यांनी वरचं काही ऐकलं होतं असंही नाही, पाणी प्यायला थांबले असतील. कुणी मला धमकावलं नाही. कुणी माझा हात पिरगाळला नाही. मुलीचं कॉलेज तोंडावर आलं होतं, परवान्याचं नूतनीकरण त्याच महिन्यात होतं, आणि दाढेच्या डॉक्टरांचा कागद माझ्या कपाटात साड्यांखाली होता, त्यावर वार नाही पण तारीख होती. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं.

'शुक्रवार,' मी म्हटलं.

'नक्की?'

'नक्की. मुलीची शाळा शुक्रवारी लवकर सुटायची. ती घरी एकटी होती म्हणून मी घाई करत होते. आठवत नाही तुम्हाला?'

हे दुसरं वाक्य मला कुणी मागितलं नव्हतं. ते मी पदरचं घातलं. भावजींनी खिशातून पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या वहीत लिहिलं. साक्षीदार, वहिनी. शुक्रवार. शाळा लवकर सुटली. मग आकड्याच्या जागी वीस खोडून शंभर लिहिलं. अक्षर अगदी वळणदार. 'बरं झालं विचारलं,' म्हणाले. मी पुन्हा मटार सोलायला घेतले.

दोन दिवसांनी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, 'मी सहसा घरी फोन करत नाही, त्यांना विचारून करते आहे. तुम्हाला तो वार कशावरून आठवला?' आवाजात काही नव्हतं, पण ती बाई शून्य तपासत होती हे मला कळलं. मी शाळेचं पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, 'त्यांचा शिक्का असला तरी सगळा भार त्यांचा होत नाही, हे मी त्यांना सांगते आहे. ते ऐकत नाहीत. तुम्हीही सांगा.' मी म्हटलं, 'सांगते हं.' फोन ठेवल्यावर मी दोन्ही हातांनी चहाचं पातेलं धरून बसले.

बाईंनीच पूर्वी त्यांना सांगितलं होतं, विचार तपासून खोटा निघाला तर सोडून द्यायचा, आणि खरा निघाला तर चघळत बसायचं नाही, आता काय करता येईल ते बघायचं. भावजींनी ते शब्दशः घेतलं. बाई म्हणाल्या, 'घाई नको, आधी आपण बोलू.' पण भावजींना खऱ्याची कसली वाट बघायची? स्टोअरकीपरकडून त्यांनी पत्ता मिळवला. मला म्हणाले, 'वहिनी, येता का सोबत? तुम्ही असलात म्हणजे माझ्याकडून काही कमी-जास्त बोललं जाणार नाही.'

मी गेले. नाही म्हणायला माझ्याकडे कारण नव्हतं, आणि कारण सांगायला तोंड नव्हतं.

त्या मुलीची आई एका लाँड्रीत इस्त्रीला होती. लांबट खोली, दांड्यांवर टांगलेले शर्ट, वाफेने ओलसर झालेली भिंत. बाई तिशीची असेल, मनगटावर भाजल्याचे जुने डाग. भावजींनी आपण कोण ते सांगितलं. मग पत्रातला मजकूर सांगितला, एक शब्द गाळला नाही. ती ऐकता ऐकता कॉलरवर इस्त्री फिरवत होती. शर्ट संपला, घडी घातली, दुसरा घेतला.

'किती जास्त दाखवत होता?'

'एकशे ऐंशी ग्रॅम.'

तिने इस्त्री उभी करून ठेवली. 'ती रात्रंदिवस रडायची. मी त्यांना सांगत होते, तिचं पोट भरत नाही, वरचं दूध द्या. ते म्हणायचे, वजन वाढतंय, पहिलटकरीण आहेस, काहीतरी मनाचे खेळ. मला कळत होतं हो. मांडीवर घेतलं की कळायचं, हलकी लागायची. पण काटा म्हणतोय म्हटल्यावर मी माझ्या हातांना खोटं ठरवलं.' ती भावजींकडे बघत होती. 'नंतर सगळे म्हणाले, आई ना तू? तुला कसं कळलं नाही? नवरा म्हणाला. सासू अजून म्हणते.'

ती म्हणाली, 'शिक्का तुम्ही मारला? स्वतः?'

'हो.'

'नक्की?'

'मी तपासून घेतलंय. खात्री शंभर टक्के आहे.'

मी त्यांच्या शेजारीच उभी होते. हात लांब केला असता तर बाहीला लागला असता. एक शब्द बोलले असते तर पुरे होता, आणि त्या बाईला तर कुठलाही नंबर चालला असता, सात काय आणि एक काय. मी दांडीवरच्या शर्टाची बटणं बघत राहिले.

'मग बरं झालं आलात,' ती म्हणाली. आवाज चढवला नाही. 'सहा वर्षं मी रोज स्वतःला शिव्या देते आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत. आता तुम्हाला देईन. नाव काय तुमचं?'

भावजींनी नाव सांगितलं.

'पुन्हा सांगा. मला विसरायचं नाही.'

त्यांनी पुन्हा सांगितलं, सावकाश, तिला नीट ऐकू जाईल असं. तिने ते तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिलं आणि इस्त्री उचलली.

परत येताना आम्ही पायीच आलो. कालव्याच्या पुलावर भावजी थांबले, कठड्याला धरून. मला वाटलं, आता कोसळतात. पण ते शांत होते. म्हणाले, 'तिला हलकं वाटलं असेल, नाही?' मी म्हटलं, 'असेल.' मग म्हणाले, 'वहिनी, तुमचे उपकार आहेत माझ्यावर. तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तर माझ्याकडे बघून गुरुवार म्हणालं असतं. दया म्हणून. आणि मी ते धरून बसलो असतो, आणि ती बाई जन्मभर स्वतःला खात बसली असती.' त्यांनी मला हात जोडले. रस्त्यावर, माणसं बघत असताना. मी म्हटलं, 'पुरे, चला, चहाची वेळ झाली.'

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला शिक्का ह्यांच्या हातात दिला. ह्यांनी तो फडक्याने पुसून कपाटात टाकला आणि कामाला लागले. त्याच महिन्यात परवाना नवा झाला. भावजी बाईंकडे गेले नाहीत. बाई दोनदा जिना चढून वर आल्या. दुसऱ्यांदा भावजी आत असताना मी सांगितलं, बाहेर गेलेत. त्या माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या आणि उतरून गेल्या.

भावजी आता मागच्या खोलीत असतात. भिंतीकडे तोंड करून. बोलावलं तर वळतात, विचारलं तर उत्तर देतात. परवा मी विचारलं, 'कसं वाटतंय?' ते थांबले, विचार केला आणि म्हणाले, 'आता शंका काही राहिलेली नाही.' वही मी उचलून कपाटात ठेवली, दाढेच्या कागदापाशी. मुलगी काकाच्या दारात उभी राहते आणि परत जाते.

काल जेवताना हे म्हणाले, 'मी आधीच सांगत होतो. वह्यांमध्ये आकडे लिहून कुठे माणूस बरा होतो का? सगळी फसवाफसवी.'

मी त्यांना भात वाढला आणि म्हटलं, 'नाहीच होत.'